खड्डा उघडायचा दिवस

व्यापारी ठरल्यापेक्षा लवकर आला आणि गाडी थेट अंगणात घालून मोकळा झाला. मागचा फाळका पाडला, दोरांचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि बाकावर येऊन बसला. त्याला बस म्हणायची गरज या घरात कधीच उरली नव्हती. दर वर्षी कोरडे महिने लागले, वैरणीची गंजी तळाला गेली, की हा गृहस्थ हजर. एखादी गाय पडेल भावानं घेऊन जायचा. पुन्हा हिरवं उगवलं की तसलीच एखादी गाय चढ्या भावानं याच घराला विकायचा, आणि वर म्हणायचा, "हे घर म्हणजे मला परकं नाही हो."

"चहात साखर कमी," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि तो आमच्याकडेच प्यायचा, हेही डॉक्टरांनीच सांगितलंय का?" आत्यानं विचारलं, पण आत जाऊन आधण ठेवलंच. भावाच्या घरी कायमची परत आली तेव्हापासून तिची जीभ आणि तिचे हात ही दोन वेगवेगळी माणसं होती. जीभ सगळ्यांशी भांडायची आणि हात सगळ्यांचं करायचे. भाऊ गेला, भावजय गेली, तिन्ही भाच्यांची लग्नं झाली, तरी त्यात फरक पडला नव्हता.

गोठ्यात मधली सून महाराणीचं अंग पुसत होती. महाराणी ही दावणीतली सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात नखरेल गाय. पाण्यात काडी तरंगताना दिसली तरी बादलीला तोंड लावायची नाही. मधलीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, कारण तिची आई अशाच एका कोरड्या वर्षी याच गाडीत चढून गेली होती. आता महाराणी गाभण होती, बरगड्या बाहेर आल्या होत्या, आणि अंगणात तीच गाडी फाळका पाडून उभी होती.

सौदा सरळ होता आणि तो तिनंच केला होता. मका ऐन भरात आला, कणसांत दूध धरलं, तेव्हा तिनं सगळं शेत हिरवंगार कापायला लावलं होतं. दूध संकलन केंद्रावरच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं: बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात थरावर थर भरायचे, तुडवून तुडवून दाबायचे, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर माती, मातीवर जुने टायर. आत वारा शिरू द्यायचा नाही. मग तो चारा आपोआप मुरतो, आंबूस होतो आणि बाहेर गवताची काडी नसते तेव्हा जनावरांच्या पोटाला लागतो. मुरघास म्हणतात त्याला. ऐकायला सोपं होतं. पण हातातोंडाशी आलेलं पीक पुरायचं म्हटल्यावर थोरले दीर ताडकन उठले होते.

"सगळं जग पेरतं उगवायला," ते म्हणाले होते, "आणि आपल्या घरात आता पुरायला निघालेत."

शेवटी अटीवर कबूल झाले. खड्डा चांगला निघाला तर जनावरं राहतील. वाया गेला तर पुन्हा पुन्हा रडगाणं नको, एकदाच सगळी दावण विकायची, गोठा रिकामा करायचा आणि रस्त्याकडेची ती जागा धाकट्या दिराला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासाठी द्यायची. मधलीनं सगळ्यांदेखत हो म्हटलं होतं. आज त्याचा निकाल लागायचा होता.

मोठी जाऊ गोठ्याच्या दारात आली. "चल. धाकटी माहेरी गेलीय, बाकी सगळे जमलेत."

"जाऊबाई, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं, चांगला निघेल?"

"मला काय माहीत?" मोठी जाऊ घाईघाईनं म्हणाली. "मी कुठं बघितलाय तो खड्डा? मी तर त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही."

एवढं कुणी विचारलं नव्हतं. पण मधलीचं लक्ष महाराणीच्या बरगड्यांवर होतं.

खड्डा घरामागे होता, संपलेल्या गंजीच्या शेजारी. गंजीचं आता नुसतं वर्तुळ उरलं होतं, जमिनीवर दडपून काळपट झालेलं. थोरल्यांना तिकडे बघवत नसे. रस्त्यानं जाणाऱ्याला घराआधी गंजी दिसली पाहिजे, असं त्यांचे वडील म्हणायचे, आणि वडिलांच्या पाठीमागे थोरल्यांनी ती शक्य तेवढी उंच रचायचा हट्ट धरला होता. खड्ड्याचं त्यांना हेच खुपत होतं. घराची सगळी वैरण जमिनीत, आणि रस्त्यावरून दिसतं काय, तर टायर.

पण आज त्यांच्या जिवाला दुसराच घोर होता.

"टायर काढा," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा भारदस्त यावा म्हणून त्यांनी घसा खाकरला.

मिस्त्री पुढे झाला. हा मधला भाऊ, मधलीचा नवरा. वेल्डिंगचं काम करायचा म्हणून लहानपणापासूनचं नाव मागे पडून सगळ्यांचा मिस्त्रीच झाला होता. बायकोसमोरसुद्धा. त्यानं आणि धाकट्यानं टायर बाजूला लोळवले आणि माती ओढायला घेतली. मिस्त्री उतरत्या टोकाकडे गेला.

"तिकडून कशाला?" थोरले पटकन म्हणाले. "या टोकाकडून उघडा ना."

"उतरत्या बाजूनंच उघडायचा असतो, दादा. आत ओल असेल ती निघून जाते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"सांगितलं असेल. पण इकडं सावली आहे."

"सावलीत आपल्याला कुठं झोपायचंय?" आत्या चहाचा ट्रे घेऊन मागून आली होती. "उघड रे तू. याला प्रत्येक गोष्टीत उलटं सुचतं."

पुढे काही बोलायचं म्हणजे थोरल्यांना कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

कागद उचलला गेला. मिस्त्रीनं दातेरी फावडं आत घातलं आणि बाहेर काढलं, तर फावड्यावर काळा, चिकट लगदा. त्यातून असा वास आला की व्यापाऱ्यानं चहाचा कप नाकापासून लांब धरला. मिस्त्रीनं पुन्हा फावडं मारलं. पुन्हा काळं. त्यात मध्ये मध्ये पांढरी बुरशी.

मधलीनं खाली वाकून तो लगदा हातात घेतला, जणू हातात घेतल्यावर तो बदलणार होता. बोटांतून काळं पाणी गळलं. पुरं शेत, सगळ्यांनी मिळून घातलेले कष्ट, डॉक्टरीणबाईंना वारंवार विचारलेले प्रश्न, सगळं त्या लगद्यात होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती तशीच वाकलेली राहिली.

"चला," व्यापारी उठला. मनानं वाईट नव्हता तो. नुसता सरावलेला होता. "वाईट वाटतं, पण काय करणार? ऊन चढायच्या आत गाडी भरलेली बरी. दादा, कुठल्या गाईपासून सुरुवात करू?"

थोरल्यांनी नुसता हात हलवला.

"धाकट्या, ती नखरेल सोड आधी," व्यापारी म्हणाला. "ती चढली की बाकीच्या मुकाट चढतात."

धाकटा गोठ्याकडे निघाला. जाताना त्याला आनंद व्हायला हवा होता. गोठ्याच्या भिंती कुठल्या रंगानं रंगवायच्या, शटर कुठं बसवायचं, हे सगळं त्यानं मनात लावून ठेवलं होतं. दुकानाची पाटीसुद्धा ठरली होती. सहा महिने तो वहिनीच्या खड्ड्याची थट्टा करत होता. पण आता महाराणीच्या गळ्याजवळ हात नेल्यावर त्याला दिसत होती ती फक्त वाकलेली वहिनी. त्याच्या लग्नात मुलीकडचे अडून बसले होते तेव्हा याच वहिनीनं स्वतः जाऊन त्यांना समजावलं होतं, आणि त्याबद्दल आजतागायत एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं. आणि खड्ड्याच्या कागदावर, मधोमध, काळ्या चिकटपट्टीचा एक चौकोन चकाकत होता. तो त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

"काय झालं रे?" व्यापाऱ्यानं हाक मारली.

"गाठ सुटत नाहीये," धाकटा म्हणाला. त्यानं गाठीला हातही लावला नव्हता.

इकडे खड्ड्यापाशी आत्यानं ट्रे मातीवर ठेवला. एका कोपऱ्यातल्या कागदाकडे ती डोळे बारीक करून बघत होती. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसली.

"हे कुणी शिवलंय?"

"काय शिवलंय, आत्या?" मिस्त्री वैतागून म्हणाला. "इथं काय चाललंय, तू बघतेस काय!"

"कागद शिवलाय. निळ्या दोऱ्यानं." आत्यानं टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि एक मोठा श्वास सोडला. "कुणी म्हणून काय विचारते मी! हा टाका माझाच आहे."

मधलीनं मान वर केली.

"असं बघू नकोस माझ्याकडे," आत्या म्हणाली. "लोणचं घातलं, दही लावलं, तर मी झाकण उघडून वास घेतेच. जन्मभर घेतला. तू म्हणालीस, उघडायचं नाही. किती दिवस? मला राहवेना. एका दुपारी आले, कात्रीनं एवढीशी चीर दिली, वास घेतला आणि लगेच शिवून टाकलं. दुहेरी टाका घातला हो!"

"आत्या! वारा जाऊ द्यायचा नाही म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं!"

"म्हणून तर दुहेरी घातला."

"आणि हे बघा," मधली कागदाच्या कडेकडेनं चालायला लागली. रडू विसरून ती आता चिडली होती, आणि चिडलेली ती जास्त भरभर बघत होती. "इथं हे काय चिकटवलंय? कणीक! वाळून दगड झालेली कणीक!"

मोठ्या जावेनं पदर तोंडाला लावला.

"जाऊबाई, तुम्ही तर इकडं फिरकलासुद्धा नाहीत ना?"

"एकदाच गं," मोठी जाऊ पदराआडून म्हणाली. "हात कणकेचेच होते तेव्हा. मला वाटलं, तू एवढा जीव टाकतेस त्यात, आत काही बिघडलं असेल तर आधीच तुला सांगावं. मग आत बोट घातलं तर काही कळेना. मग भीती वाटली. मग लावली कणीक."

"आणि हे?" मधली आणखी पुढे गेली होती. प्लॅस्टिकवर सायकलच्या ट्यूबचा एक गोल तुकडा सुबक चिकटवलेला होता, कडा घासून, दाबून, पक्क्या हाताचं काम. असं काम घरात एकच माणूस करत असे. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

मिस्त्रीनं फावडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, जणू ते त्याला कुणी काढून घेणार होतं.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"अगं, काळजी वाटली."

"माझ्यावर विश्वास नव्हता?"

"विश्वास होता! विश्वास होता म्हणून तर काळजी वाटली. विश्वास नसता तर झोप लागली असती." तो इतका कळवळून बोलला की मोठ्या जावेला हसू आवरेना. मग आत्याला. मग गोठ्याकडून मान खाली घालून परत आलेला धाकटा म्हणाला, "ती मधली काळी पट्टी माझी आहे, वहिनी," आणि मधलीसुद्धा, नको असताना, चिडलेली असताना, रडवेली असताना, हसली.

"तुमचा बाप असाच होता," आत्या डोळे पुसत म्हणाली. "लहानपणी बी पेरायचा आणि उगवलं का ते बघायला रोज सकाळी उकरायचा. अर्धं बी त्या उकरण्यानंच मरायचं. आमची आई त्याला बांधून ठेवायची. ते रक्त आहे सगळ्यांत. माझ्यातही आहे, कुठं जाणार?"

मधली मात्र हसता हसता थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी सरळ रेषेत यायला लागलं होतं.

"थांबा. वारा आत शिरला तिथं नासलं. जिथं जिथं ठिगळ आहे, तिथं तिथं काळं निघेल. पण ठिगळं किती जागी आहेत? बाकीचा खड्डा तर बंदच आहे! अहो, आपण सगळ्यांनी मिळून तुडवला होता, ट्रॅक्टर पुढं-मागं फिरवला होता. दाबलेल्यात वारा खोल जात नाही. बाकीचं चांगलं असणार. मधून उघडून बघू."

"वहिनी," व्यापारी समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचा जीव त्यात आहे हे मला कळतं. पण आत्ता जिथं फावडं मारलं तिथं ठिगळ कुठं होतं? कागद कोरा होता. तरी काळंच निघालं ना? म्हणजे सगळंच तसलं. उगाच जिवाला चटका लावून घेऊ नका."

तो बोलला ते चुकीचं नव्हतं. सगळ्यांनी त्या टोकाकडे बघितलं. दुमडलेल्या कागदावर ना दोरा होता, ना पट्टी, ना कणीक. मिस्त्रीनं फावडं खाली ठेवलं. मोठी जाऊ मधलीच्या जवळ जाऊन उभी राहिली.

आता सगळे थोरल्यांकडे बघत होते. शेवटचा शब्द या घरात त्यांचाच असे.

थोरल्यांनी हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. गप्प राहणं किती सोपं होतं! दावण विकली जाईल, अट पाळली जाईल, लोक म्हणतील थोरल्यानं आधीच सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं कायमचं खरं ठरेल. फक्त ते एका दुपारी, सगळे निजलेले असताना इथं आले होते, हे कुणाला कधी कळणार नाही. काठीचं लोखंडी टोक कागदातून आत खुपसलं होतं. बाहेर काढून हुंगलं होतं. नीट कळेना म्हणून शेजारी पुन्हा खुपसलं होतं. मग पुन्हा. मग कुणाची तरी चाहूल लागली म्हणून वर नुसती माती ढकलून निघून गेले होते.

त्यांनी मधलीकडे बघितलं. तिच्या हाताला तो काळा लगदा अजून तसाच होता. तिनं तो पुसलाही नव्हता.

"तिथं ठिगळ नाही," थोरले म्हणाले, "कारण मी ते लावलंच नाही."

"म्हणजे?" मोठी जाऊ म्हणाली.

"म्हणजे काय म्हणजे? काठीनं भोकं पाडली मी. एक नाही, चांगली चार-पाच. कागद उलटा करून बघा, दिसतील." थोरल्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज आता खरोखरच भारदस्त आला. "या सगळ्यांनी निदान बुजवली तरी. मी तसाच पळालो, चोरासारखा. ते काळं निघालंय ते माझं आहे. खड्ड्याचं नाही."

मिस्त्रीनं कागद उलटा केला. भोकं होती.

"आणि मघाशी हेच म्हणत होतास होय रे, इकडून उघडा, सावली आहे!" आत्यानं कपाळावर हात मारला.

"आत्या, आता पुरे. मधून उघडा." थोरल्यांनी स्वतः फावडं उचललं, मग काहीतरी मनात आलं आणि ते मधलीपुढे धरलं. "तू मार."

मधलीनं जागा निवडली. दोरा, ट्यूब, कणीक, पट्टी, सगळ्यांपासून लांबची. मिस्त्रीनं आणि धाकट्यानं कागद मागे ओढला. तिनं फावडं घातलं, पाय देऊन दाबलं आणि उचललं.

पिवळसर हिरवी कुट्टी. मोकळी, लुसलुशीत, दाण्यांसकट. तिनं मूठभर उचलून दाबली. मूठ उघडली तर ती हळूच सुटली, पाणी गळलं नाही. आणि वास! आंबटगोड, गरमसर, पिकलेल्या फळांच्या टोपलीवरून कापड काढावं तसा. तो वास खड्ड्याच्या कडेपर्यंत पसरला आणि सगळ्यांनी एकदमच नाकानं ओढून घेतला. चोरून हुंगणाऱ्या त्या घरानं आज पहिल्यांदाच उघड्यावर, हक्कानं वास घेतला.

"खोल बघ, खोल," थोरले म्हणाले. त्यांना धीर धरवत नव्हता.

खोलवरही तसंच होतं. मिस्त्रीनं ट्यूबच्या ठिगळाखाली उकरून बघितलं, तर वर हातभर काळं आणि त्याखाली पुन्हा तीच पिवळसर हिरवी कुट्टी. "माझ्याखाली कमी नासलंय," तो म्हणाला. "सोल्यूशन चांगलं बसलं होतं." कुणी त्याचं कौतुक केलं नाही.

"एक राहिलंच," आत्या मधलीला म्हणाली. "तुझं भोक कुठंय?"

"माझं नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, आत्या. मला बघायची हिंमतच नव्हती. नासलेलं निघालं असतं तर मी काय केलं असतं?" मोठ्या जावेनं तिला सगळ्यांदेखत जवळ घेतलं. पाणी भरायच्या पाळीवरून या दोघी वर्षभर एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

व्यापाऱ्यानंही चिमूटभर कुट्टी उचलून बोटांत चोळली होती. "दिसायला छान आहे," तो म्हणाला. "पण दिसणं आणि खाणं वेगळं. माझं राहू दे, गाईला विचारा. ती नखरेल याला तोंड लावणार नाही, लिहून देतो."

महाराणीला सगळेच ओळखत होते.

मधलीनं पाटीभर कुट्टी घेतली, उरलेल्या चुऱ्यातलं थोडं वाळकं गवत त्यात मिसळलं, आणि गव्हाणीत पसरलं. सगळे मागोमाग गोठ्यात शिरले आणि अर्धवर्तुळ करून उभे राहिले. महाराणीनं नाक खाली नेलं. एकदा फुर्र केलं. मान वर उचलली आणि माणसांच्या त्या रांगेकडे एकेक करून बघितलं. मग तोंड फिरवून ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

"म्हटलं नव्हतं?" व्यापारी हळूच म्हणाला.

मधलीनं पुढे व्हायला पाऊल उचललं, पण आत्यानं तिचा हात धरला.

"कुणी पुढं जायचं नाही. ती काय खाणार? सात माणसं डोळे फाडून तोंडात बघायला लागली तर माझ्यासुद्धा घशाखाली घास उतरणार नाही. पाठ करा तिच्याकडे. सगळ्यांनी. तुम्हीपण हो, साखर कमी."

"मी कशाला?" व्यापारी म्हणाला.

"तुमच्या डोळ्यांचीच तिला जास्त भीती आहे. फिरा."

आणि मग ते सगळे फिरले. थोरले, मोठी जाऊ, मिस्त्री, मधली, धाकटा, आत्या आणि खांद्यावर दोर घेतलेला व्यापारी, गोठ्याच्या दाराकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे एका ओळीत उभे राहिले. बाहेर गाडीचा पाडलेला फाळका दिसत होता. मिस्त्रीची मान वळायला लागली की मधली त्याला कोपरानं ढोसायची. थोरल्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि डोळेच मिटून घेतले होते. जन्मात पहिल्यांदा या घरातली माणसं एखादी गोष्ट न बघता उभी होती, आणि त्यांना ते किती जड जात होतं हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

मागे गळ्यातली घंटा किणकिणली. मग काहीच नाही. मग पुन्हा एक फुर्र.

"नाही खात वाटतं," धाकटा पुटपुटला.

"चूप!"

आणि मग तो आवाज आला. आधी नुसता ओलसर, खसखस, जिभेनं काहीतरी ओढल्यासारखा. थांबला. मग पुन्हा, थोडा जोरात. मग दाढांखाली दाणा फुटल्याचा, आणि मग न थांबता, संथ, भरलेल्या तोंडाचा करकर आवाज, जो वैरण संपल्यापासून या गोठ्यात कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या गाईनं दावं ताणलं. पलीकडची हंबरली. तिच्या मागची हंबरली. सगळी दावण एकदम मागायला लागली.

"आता बघू?" थोरल्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"बघा," मधली म्हणाली, आणि ती स्वतः सगळ्यांच्या आधी फिरली.

महाराणीचं तोंड गव्हाणीत डोळ्यांपर्यंत बुडालं होतं. कानावर कुट्टी चिकटली होती. तिनं कुणाकडेही बघितलं नाही. मधलीनं तिच्या मानेला मिठी मारली आणि मोकळेपणानं रडली, आणि या वेळी ते लपवायला ती वाकली नाही. मिस्त्री पाट्या भरायला पळाला. मोठी जाऊ पदर खोचून त्याच्या मागे गेली. धाकटा एकेका गाईपुढे कुट्टी टाकत निघाला, आणि मधेच थांबून म्हणाला, "दादा, दुकानाला मी दुसरी जागा बघतो. इथं फार हंबरडा आहे. गिऱ्हाईक टिकायचं नाही."

"थोडं थोडं घाला," मधली डोळे पुसत ओरडली. "पहिल्याच दिवशी पोटभर नाही घालायचं! सवय होऊ दे! आणि कागद लगेच झाका, रोज लागेल तेवढंच काढायचं!"

"आणि कुणी भोक पाडायचं नाही," आत्या म्हणाली.

व्यापाऱ्यानं खांद्यावरचे दोर काढून हातात घेतले. तो थोडा वेळ गाईंचं खाणं बघत राहिला. माणूस जनावरातला होता. चरणारं जनावर बघून त्यालाही बरंच वाटलं असावं. मग वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो थोरल्यांकडे वळला. "बरं, दादा. या वेळी नाही तर नाही. मग आता परत कधी येऊ?"

"तिला विचार."

व्यापारी मधलीकडे वळला. "कधी येऊ, वहिनी?"

मधलीनं महाराणीच्या मानेवरचा हात काढला नाही. "पाऊस पडला की या," ती म्हणाली. "पण येताना गाडी रिकामी आणू नका. दोन चांगल्या कालवडी बघून आणा. आम्हाला घ्यायच्यात."

व्यापाऱ्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं खात्री करून घ्यायला पुन्हा थोरल्यांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" थोरले म्हणाले. "सांगितलं ना तिनं."